समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट की फोन? इंदुरात थेरपी निवडताना

गेल्या वर्षी माझ्या जावेसाठी मी इंदुरात तीन ठिकाणी फिरले. तिचं वय ४९. पाळी जाण्याच्या वाटेवर, मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला, आणि ज्या सासूबाईंचं तिने अकरा वर्षं अंथरुणावर केलं त्या दिवाळीनंतर गेल्या. जो तो म्हणे, "आता मोकळी झालीस." ती मात्र पहाटे चारला उठायची आणि सासूबाईंचा औषधांचा डबा, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला, पुसून परत जागेवर ठेवायची. तिला वेड लागलेलं नव्हतं. जे काम म्हणजेच ती होती, ते काम एका दिवसात संपलं होतं.

लग्न, बाळंतपण, घटस्फोट, वैधव्य, निवृत्ती, मुलं परगावी जाणं: अशा वळणावर थेरपी घ्यावी का, आणि कुणाकडे, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक साधी गोष्ट. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थकवा, रडू येणं, कशातच मन न लागणं यामागे यातलं काही निघू शकतं. बाळंतपणानंतर तर थायरॉईड हमखास बघावं.

आता माणसांबद्दल. सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात लाजू नका. समुपदेशकांत मात्र फार फरक. काही उत्तम शिकलेले, काही चार महिन्यांचा कोर्स करून पाटी लावलेले. आम्ही पहिल्यांदा गेलो ते अशाच एका ठिकाणी. बाई बोलायला गोड होत्या, पण वीस मिनिटांत "पूजापाठात मन रमवा, नातवंडं येतील" असं सांगून मोकळ्या झाल्या. जाऊ परतताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. उपदेश घरी फुकट मिळतो. थेरपिस्टने प्रश्न विचारायला हवेत आणि थांबून ऐकायला हवं.

औषधाची वाट कधी धरायची? जीव नकोसा वाटत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर थेरपिस्ट शोधत बसू नका, त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठा. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय त्यासाठीच आहे. त्या नावाला घाबरून घरात कोंडून बसण्यात जीवाला धोका आहे. बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः नैराश्याचा. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतात.

पद्धतींमध्ये मला दोनच तोलाव्याशा वाटतात. सीबीटीत, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीत, विचार आणि सवयी यांवर काम होतं: काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, मग तुम्ही काय केलंत, हे वहीत लिहायचं आणि तपासायचं. झोप उडाली असेल, धास्ती बसली असेल, तर ही चांगली. पाळी जातानाच्या गरम झळा सीबीटीने थांबत नाहीत, पण त्यांचा जाच कमी होतो. दुसरी आयपीटी, म्हणजे नात्यांवर काम करणारी इंटरपर्सनल थेरपी, १९७० च्या दशकात अमेरिकेत जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी घडवलेली. साधारण १२ ते १६ भेटी. तिच्यात 'भूमिका बदलणं' हा एक ठरलेलाच विषय असतो. जुनी भूमिका सुटल्याचं दुःख आधी मनापासून करू देतात, मग तिच्यात काय छान होतं आणि काय जाचक होतं ते वेगळं काढतात, आणि नव्या जागी आधाराला कोण आहे ते शोधतात. आमच्यासारख्यांना, ज्यांना 'तक्रार नको' हेच शिकवलंय, त्यांना हे दुःख करू देणं फार मोलाचं. माझं मत विचाराल तर वळणाच्या दुखण्याला आधी आयपीटी. ती शिकलेलं कुणी मिळालं नाही, तर फोनवरच विचारा, "भूमिका बदलल्यावर येणाऱ्या उदासीवर तुम्ही कसं काम करता?" उत्तरावरून माणूस कळतो.

समोर बसून की व्हिडिओवर? इथे आपल्या घरांचा विचार करावा लागतो. सुदामानगरातल्या तीन खोल्यांत दार लावून पाऊण तास बोलायला जागा कुठली? जावेने दोन सेशन खाली उभ्या गाडीत बसून केले, काचा वर करून, मे महिन्यात. पण व्हिडिओमुळे पुण्याची मराठी थेरपिस्ट मिळते, हा फायदा मोठा. आपण बाजारात हिंदी बोलतो, ऑफिसात हिंदी बोलतो, पण सासूबाईंबद्दल जावेला हिंदीत रडताच येईना. शिवाय आपला मराठी समाज एवढासा, वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी आहे. थेरपिस्टने मात्र तुमचं बोलणं नवऱ्यालाही सांगायचं नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलाय, अपवाद मुख्यतः जीवाच्या धोक्याचा.

पैसे अडत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, भाषाही निवडता येते. रात्री दोन वाजताच्या घालमेलीला तो उत्तम. पण दर वेळी तीच व्यक्ती भेटेल असं नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाला तो पुरत नाही.

भिशीतल्या मैत्रिणी, बहिणी, नणंदा हव्यातच. त्या डबा घेऊन येतील, दवाखान्यात सोबत करतील. पण त्यांनाही त्या सासूबाई ठाऊक असतात, आणि काही गोष्टी ज्याला कुणीच ठाऊक नाही त्यालाच सांगता येतात.

तीन-चार भेटींत थेरपिस्टशी सूर जुळला नाही तर तसं त्यांना सांगा आणि बदला. जाऊ तिसऱ्या ठिकाणी टिकली. आता मंगळवारी सकाळी पलासियाला जाते, मराठी बोलणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. पाचव्या भेटीला ती तो डबा पिशवीत घालून सोबत घेऊन गेली होती.