‘फ्री’ टीव्हीचं रिचार्ज

आधीच सांगते, या बाबतीत मी स्वतःला हुशार समजत होते. अनोळखी लिंकवर बोट ठेवत नाही, ओटीपी कुणाला सांगत नाही, आईच्या फोनवर आलेले लॉटरीचे मेसेज मीच पुसते. तरीही एका माणसानं माझ्या घरात, माझ्याच टीव्हीसमोर उभं राहून मला फुकटची वस्तू विकली. दोनदा. आणि मी त्याला चहाही दिला.

भाड्याच्या घरात आम्ही दोघी राहायला आलो, मी आणि आई. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर गच्ची. गच्चीत आधीच्या भाडेकरूंनी सोडून दिलेली डिशची एक छत्री आणि तिच्याशेजारी लोखंडी पाइपावर काट्यांचा जुना अँटेना. हॉलच्या भिंतीत एक प्लेट, तिच्यावर दोन भोकं. एकाखाली ‘टीव्ही’ लिहिलेलं, दुसऱ्याखाली ‘सॅट’. महिन्याच्या पॅकचे पैसे भरायचे नाहीत, हवेतून जे फुकट येतं तेवढंच बघायचं, हे आमचं ठरलं होतं. आईला तिची एक मालिका, मला रात्रीच्या बातम्या. संपली गरज.

टीव्ही लावला तर ‘नो सिग्नल’. टीव्हीचा मेन्यू उघडून बघायचा सोडून मी जिन्यात चिकटवलेल्या कागदावरचा नंबर फिरवला.

माणूस तासाभरात हजर. बोलायला गोड, पायातले बूट दाराबाहेर काढून आला. पहिला प्रश्न, “मॅडम, घर स्वतःचं की भाड्याचं?” मला वाटलं, भिंतीला भोक पाडायचं म्हणून विचारतोय. आता वाटतं, तो गिऱ्हाईक जोखत होता. भाडेकरूला गच्चीवरची वस्तू कुणाची, ती चालते की नाही, भिंतीतली वायर कुठून कुठे जाते, यातलं काही माहीत नसतं. वर जाऊन खात्री करण्याइतका जीवही त्या घरात अजून अडकलेला नसतो.

तो एकटाच गच्चीवर गेला आणि वीसेक मिनिटांनी तोंड पाडून खाली आला. छत्री चालेल, म्हणाला, पण अँटेना बाद. “तो जुन्या ॲनालॉग काळातला, मॅडम. आता सगळं डिजिटल. फाइव्ह-जी आल्यापासून तर हे काटे काही पकडतच नाहीत. तुम्हाला फोर-के अँटेना लागेल.” भिंतीतली प्लेटही गेलेली, वायर आतून कुजलेली, म्हणून नवी वायर बाहेरून ओढायची आणि आईच्या खोलीच्या खिडकीशेजारी एक भोक पाडायचं. जुना अँटेना भंगारात टाकतो म्हणून तोच घेऊन गेला. मला तर तो उपकारच वाटला.

आता जे कळलंय ते सांगते. अँटेना डिजिटल नसतो, ॲनालॉग नसतो, फोर-के तर नसतोच नसतो. त्याला फक्त लहरी कळतात. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारा टीव्ही बहुतेक ठिकाणी यूएचएफ पट्ट्यात असतो, आणि हल्ली अनेक देशांत ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झ हा भाग त्यासाठी राखलेला आहे. त्या पट्ट्यासाठी बनवलेला काट्यांचा अँटेना तीस वर्षांपूर्वीचा असला, तरी गंजून तुटलेला नसेल आणि मनोऱ्याकडे तोंड करून असेल तर डिजिटल सिग्नल तितकाच नीट पकडतो. या रचनेला यागी-उडा म्हणतात. उडा आणि यागी या जपानी संशोधकांनी ती १९२६ मध्ये जगासमोर मांडली, आणि आज दुकानात ‘फोर-के’ म्हणून मिळणारे बरेचसे अँटेने त्याच घराण्यातले आहेत. फाइव्ह-जीच्या बोलण्यात खऱ्याचा एक कण आहे. मोबाइलचा मनोरा अगदी जवळ असेल आणि अँटेन्यावर ॲम्प्लिफायर असेल, तर चित्र बिघडू शकतं. पण त्यावर अंगठ्याएवढा फिल्टर बसवतात. अख्खा अँटेना कुणी बदलत नाही.

मग त्यानं दोन सेट-टॉप बॉक्स काढले, हॉलच्या टीव्हीला एक आणि आईच्या खोलीतल्याला एक. खोक्यावरचं प्लास्टिक जरा चुरगळलेलं होतं, ते मी बघितलं आणि सोडून दिलं. टीव्हीवर चॅनेलची लांबलचक यादी आली. बऱ्याच नावांपुढे छोटं कुलूप. “ही ॲक्टिव्हेशननंतर उघडतील, अठ्ठेचाळीस तासांत. वर्षाचं रिचार्ज एकदाच, मग फ्री.” ‘रिचार्ज’ आणि ‘फ्री’ हे दोन शब्द एका वाक्यात ऐकूनही मला काही खटकलं नाही, याचं आज नवल वाटतं.

फ्री-टू-एअर म्हणजे कुलूप न लावता सोडलेला सिग्नल. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी ठाकलेला दिसतो आणि छत्री एकदा लावली की हलवावी लागत नाही. तिथून सिग्नल खाली येतो. आपल्या छत्रीतून वर काहीही जात नाही. कोण बघतंय, किती घरांत बघतंय, त्याचा वर कुणाला पत्ता नसतो. मग ॲक्टिव्हेट कोण करणार आणि काय? कुलूप असलेले चॅनेल पैसे भरून घ्यायचेच असतात, आणि ते या बॉक्सवर कधीच उघडणार नव्हते. काही सेवांत फुकट चॅनेलसाठीही ठरावीक बॉक्स किंवा कार्ड लागतं, हे खरं. पण ते प्रसारक स्वतः उघडपणे सांगतो, त्यासाठी जिन्यातल्या कागदावरचा माणूस लागत नाही.

पैसे देण्याआधी मी एकच शहाणपणा केला. म्हटलं, सिग्नल किती येतोय ते दाखवा. त्यानं मेन्यूतल्या दोन पट्ट्यांपैकी वरच्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. “बघा मॅडम, स्ट्रेंग्थ ९१.” खालच्या पट्टीवर त्याचा तळहात होता. तेव्हा मला तो टेकून उभा असल्यासारखाच वाटला.

पहिला आठवडा बरा गेला. कुलपं उघडली नाहीत, पण ती कुणाला हवी होती? काही चॅनेलवर आवाज यायचा आणि चित्र काळंच राहायचं, तेही मी चालवून घेतलं. मग आईची तक्रार सुरू झाली. “तू बातम्या लावल्यास की माझी मालिका जाते.” मी तिला म्हटलं, आई, असं कसं होईल, दोन वेगळे टीव्ही आहेत, दोन वेगळे बॉक्स आहेत. ती म्हणाली, “होतं.” मी जाऊन बघायची तेव्हा हॉलचा टीव्ही बंद करून गेलेली असायची, आणि तिची मालिका झकास चालू. चार-पाच दिवस मी तिलाच रिमोटचं कुठलं बटण दाबायचं नाही ते शिकवत बसले. ती मुकाट ऐकून घ्यायची. त्याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

त्याच सुमारास दुपारी ठरावीक वेळी चित्र फुटायला लागलं. पाच-सात मिनिटं चौकोन-चौकोन, मग काळं, मग परत ठीक. सलग तीन दिवस. मी त्याला फोन केला. तो चौथ्या दिवशी बरोबर त्याच वेळेच्या जरा आधी आला, चित्र गेल्यावर वर चढला, छत्रीपुढचा एलएनबी, म्हणजे छत्रीनं गोळा केलेला सिग्नल वायरीत सोडणारी डबी, बदलला, आणि खाली येईस्तोवर चित्र आलेलं. “उन्हानं जळला होता.” एलएनबीचे पैसे, वर चढण्याचे पैसे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चित्र परत गेलं. फोनवर म्हणाला, “नवा आहे ना मॅडम, दोन दिवस सेट व्हायला लागतात.” आणि खरंच दोन दिवसांनी थांबलं!

थांबणारच होतं. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य काही दिवस रोज थोडा वेळ उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. सूर्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा मिणमिणता सिग्नल बुडून जातो. काही मिनिटं जातात, सूर्य पुढे सरकतो, चित्र येतं. आठवडाभरात प्रकार आपोआप मिटतो. धंद्यातल्या माणसाला या तारखा पाठ असतात. माझा जुना एलएनबीही तो घेऊन गेला, आणि बहुधा आता दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर ‘नवा’ म्हणून लागला असेल.

महिन्याभरानं एका रविवारी मामेभाऊ आला. दादा वायरमन नाही, पण त्याला अशा गोष्टींचा नाद आहे. आईनं त्याच्यापुढे मालिकेचं गाऱ्हाणं मांडलं. मी डोळे फिरवले. दादा मात्र ताडकन म्हणाला, “आत्या, बरोबर बोलतेस तू. तायडे, दोन खोल्यांना एकच वायर फोडून दिलीय का?”

दिली होती. खिडकीबाहेर अगदी स्वस्तातला स्प्लिटर, एक वायर आत, दोन बाहेर. दादानं समजावलं ते असं. बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला वीज पाठवतो आणि त्या विजेतूनच हुकूम देतो. १३ व्होल्ट दिले तर एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले तर आडव्या. साध्या एलएनबीला एका वेळी एकच जमतं, आणि अशा स्प्लिटरवर ज्याचे व्होल्ट जास्त त्याचा हुकूम चालतो. माझ्या बातम्या आडव्या लहरींवर होत्या, आईची मालिका उभ्या. म्हणजे मी टीव्ही लावला की माझे अठरा तिच्या तेरांना दाबून टाकत होते, आणि माझ्या बाजूला कधीच काही बिघडत नव्हतं. दोन टीव्हींना दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात. लावणाऱ्याला हे माहीत नसणं अशक्य.

मग दादानं मला गच्चीवर नेलं आणि फोनवर व्हिडिओ कॉल लावून आईला हॉलच्या टीव्हीसमोर बसवलं. छत्रीचे बोल्ट सैल करून तिचं तोंड चक्क पाण्याच्या टाकीकडे फिरवलं. “आत्या, वरची पट्टी किती?” “८८.” “आणि खालची?” “शून्य.” स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय एवढंच. एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही त्यात मोजला जातो. उपग्रह पकडलाय की नाही ते खालची ‘क्वालिटी’ सांगते. त्यानं छत्री नीट लावली तेव्हा क्वालिटी जिथे पोहोचली, त्याच्या निम्म्यावर त्या माणसानं सोडली होती. ढग आले की आमचं चित्र का जायचं, तेही उलगडलं.

पाइपाशेजारी, कठड्याखाली, जुन्या वायरीचं टोक चिकटपट्टीत गुंडाळून ठेवलेलं सापडलं. वायर उन्हानं पांढुरकी पडून तडकलेली. दादानं पट्टी सोडवली, तर आतलं तांबं चकचकीत, आणि टोक पक्कडीनं एका घावात सरळ कापलेलं. कुजलेली वायर अशी दिसत नाही. शेजारीच दोन सिग्नल एका वायरीत घालणारी छोटी डबी होती. मनोऱ्याचा सिग्नल ७०० मेगाहर्ट्झच्या खाली आणि छत्रीचा, एलएनबीतून निघाल्यावर, ९५० ते २१५० मध्ये, त्यामुळे दोघं एका वायरीत सुखानं नांदतात आणि खाली भिंतीतली प्लेट त्यांना परत वेगळं करते. म्हणजे ‘टीव्ही’ आणि ‘सॅट’ या दोन भोकांचा अर्थ तोच होता. आधीच्या भाडेकरूंनी सगळं नीट करून ठेवलं होतं, आम्ही फक्त दोन वायरी खोचून चॅनेल शोधायला लावायचे होते.

खाली येऊन दादानं टीव्ही भिंतीपासून ओढला. मागे आट्यांचं एक सॉकेट. उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीच्या पोटातच होता. त्यानं जुन्या वायरीला नवा कनेक्टर बसवला, प्लेटमधून सरळ टीव्हीला जोडली, मेन्यूत ‘सॅटेलाइट’ निवडलं. जे चॅनेल काळे दिसायचे तेही आले. माझ्या गळ्यात मारलेले बॉक्स जुन्या पिढीतले होते. नव्या पद्धतीनं दाबून पाठवलेलं चित्र त्या बॉक्सना उलगडताच येत नव्हतं. म्हणून नुसता आवाज.

घरमालकांचं वेगळंच. काका भले आहेत, पण भोक बघून त्यांचा चेहरा उतरला. करारात ‘लेखी परवानगीशिवाय भिंतीस छिद्र पाडू नये’ असं आहे, आणि तो माणूस “मी बोललोय त्यांच्याशी” म्हणाला म्हणून मी विचारलंच नव्हतं. तो कुणाशीच बोलला नव्हता. दुरुस्ती डिपॉझिटमधून कापली जाणार. गच्ची, भिंत, छत्री यांचे फोटो राहायला आल्याच्या दिवशी काढले असते, तर निदान जुना अँटेना तिथे होता एवढं तरी मला दाखवता आलं असतं. तक्रार करायला गेले तर पावतीवर ‘सामान व सर्व्हिस’ एवढंच, ना नाव, ना पत्ता, ना बॉक्सचा नंबर.

तुमच्याकडे असा कुणी आला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: कुठला उपग्रह लावणार, आणि क्वालिटी किती येते. खऱ्या कारागिराला ही उत्तरं तोंडपाठ असतात, उलट तुम्ही विचारलं म्हणून तो खूश होतो. आणि गच्चीवर त्याच्यासोबत जा. गुडघे दुखत असले तरी जा.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, मी अंघोळीला गेले होते, आईनं उचलला. वार्षिक रिचार्ज संपत आलंय, आज भरलं तर सूट आहे. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. येताना आमचा तो काट्यांचा अँटेना घेऊन या.” तिकडून फोन कट झाला.