व्ही-सिंक, व्हीआरआर की सिंक बंदच? निवडण्याआधी एवढं बघा

चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतंय, की गेम क्षणभर अडखळतोय? सेटिंगला हात लावण्याआधी एवढं ओळखा. पहिलं टेअरिंग, दुसरं स्टटर. सिंक म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांची चाल जुळवणं; ते मुळात टेअरिंगवरचं औषध आहे.

सिंक बंद असेल तर कार्ड मॉनिटरसाठी थांबत नाही. माऊस हलवला की परिणाम लगेच दिसतो, म्हणून स्पर्धात्मक शूटर खेळणारे बरेच जण हेच निवडतात. चित्र फाटतं, 240 हर्ट्झवर (मॉनिटर सेकंदाला 240 वेळा चित्र बदलतो तेव्हा) ते फारसं जाणवत नाही, 60 हर्ट्झवर चांगलंच खुपतं.

व्ही-सिंकमध्ये कार्ड मॉनिटरच्या रिफ्रेशची, म्हणजे चित्र बदलण्याची, वाट बघतं आणि फाटणं थांबतं. पण 60 हर्ट्झवर एका फ्रेमच्या, म्हणजे एका चित्राच्या, वाट्याला 16.7 मिलीसेकंद येतात. कार्डाला 17 लागले की ती फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत ताटकळते, आणि दोनच बफर (फ्रेम ठेवायच्या जागा) असतील तर वेग थेट 30 वर आदळतो. ट्रिपल बफरिंगने, म्हणजे तीन बफर असले की, ही घसरण टळते, चाल मात्र एकसारखी राहत नाही. कार्ड मॉनिटरहून वेगवान असेल तर फ्रेम रांगेत थांबतात आणि माऊस जड वाटतो. त्यामुळे कार्ड सतत पूर्ण वेग टिकवत असेल आणि गेम निवांत असेल, तरच मी व्ही-सिंक सुचवेन.

व्हीआरआरमध्ये (व्हेरिएबल रिफ्रेश रेट) उलट होतं: मॉनिटरच कार्डाच्या चालीने चालतो. एनव्हिडियाने आपलं व्हीआरआर, जी-सिंक, 2013 मध्ये जाहीर केलं, एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर 2015 मध्ये आले आणि 2019 पासून अनेक फ्रीसिंक मॉनिटर एनव्हिडियाच्या कार्डांबरोबरही चालू लागले. मॉनिटरला ही सोय असेल, तर बहुतेकांनी हेच निवडावं. फक्त ते अर्धवट लावू नका. जी-सिंक वापरत असाल तर ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) व्ही-सिंक चालू, गेममध्ये बंद, आणि फ्रेम रेटची मर्यादा रिफ्रेशच्या जरा खाली. 144 हर्ट्झला 140 ठीक. मर्यादा नसेल तर 144 गाठताच व्हीआरआरची हद्द संपते आणि व्ही-सिंकची तीच रांग पुन्हा लागते. खालची हद्दही बघा. ती 48 असेल आणि मॉनिटर त्याखाली फ्रेम दुप्पट करून दाखवत नसेल, तर जड गेममध्ये त्रास होईल.

एवढं करूनही अडखळतंय? फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख लावा आणि तोच प्रसंग सिंक बंद करून खेळा. टोकदार उसळ्या तशाच राहिल्या, तर दोष सिंकचा नाही. दुसऱ्या फेरीत त्या नाहीशा झाल्या, तर बहुधा शेडर (कार्डावर चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत होते. नवा ड्रायव्हर टाकल्यावर जुना शेडर कॅश (तयार शेडरांचा साठा) अनेकदा बाद होतो, तेव्हा पहिले काही तास हे होणारच, घाईने सेटिंग बदलू नका. काही दिवसांनीही उसळ्या तिथेच असतील आणि त्रास ड्रायव्हर बदलल्यापासूनच सुरू झाला असेल, तर आधीची आवृत्ती क्लीन इन्स्टॉल करा (सध्याचा ड्रायव्हर पूर्ण काढून) आणि तोच प्रसंग पुन्हा खेळून बघा.