दहा महिने, बारा डबे: एअर पिस्तुलाच्या छऱ्यांचा हिशेब

डबा संपला की आपण दुकानात जातो आणि 'तोच द्या' म्हणतो. दुकानदार म्हणतो, तो नाही, हा घ्या, सेमच आहे. गेल्या नोव्हेंबरपासून मी हे 'सेमच आहे' किती महाग पडतं ते पाहतोय, म्हणून हे लिहायला बसलो.

पिस्तूल साधं, सिलिंडरवर चालणारं, मॅच म्हणजे स्पर्धेच्या प्रकारातलं पण सेकंडहँड. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी रेंजवर, दर वेळी चाळीस-पन्नास शॉट. डब्यात ५०० छर्रे असतात, असे बारा डबे झाले. परवान्याबद्दल नवीन लोक विचारतात म्हणून आधीच सांगतो: बोअर ४.५ मिमी आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. आपल्या पिस्तुलाची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळपासही नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आहे डाय, म्हणजे धातूला ठरावीक माप आणि आकार देणारा साचा. हा शब्द माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगायला हवं. माझा आतेभाऊ ओहायोत असतो आणि तिथे घरीच ९ मिमीच्या काडतुसांच्या केसेस (वापरलेल्या पितळी नळ्या) पुन्हा भरतो. तिकडे तो रीतसर छंद आहे. आपल्याकडे घरी दारूगोळा भरणं हा विषयच नाही आणि मला तो नकोही आहे. पण व्हिडिओ कॉलवर तो तासभर डायबद्दल बोलतो, आणि त्याचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. तिथल्या बहुतेक डायचे आटे एकाच मापाचे असतात (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे), त्यामुळे एका कंपनीचा डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर, बसतो. .३८ स्पेशलचा डाय .३५७ मॅग्नमलाही चालतो, कारण केसचा व्यास तोच, फक्त लांबी वेगळी (१.१५५ इंच आणि १.२९० इंच). पण चालतो म्हणजे काढला आणि लावला असं नाही. केसचं तोंड रुंद करणारा, गोळी बसवणारा, क्रिंप करणारा (तोंड दाबून गोळी पकडणारा), असे सगळे डाय नव्या लांबीला पुन्हा जुळवावे लागतात. ९ मिमीची केस तर चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) स्वतःच्या तोंडावर टेकते, त्यामुळे तिला रिव्हॉल्वरसारखी आत वळवलेली क्रिंप चालत नाही, निमुळतीच लागते. त्याचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं: "बसतंय म्हणजे चालतंय असं नसतं रे."

आपल्या हातात डाय नाही, पण छर्रा डायमधूनच निघतो. शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून डोकं, कंबर आणि मागचा पोकळ स्कर्ट तयार होतो. डब्यावर ४.४९, ४.५० असं जे लिहिलेलं असतं ते डोक्याचं माप. काही डब्यांवर बॅच किंवा डायचा नंबरही असतो, आणि सुरुवातीचे चार महिने मी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

माझा मुख्य छर्रा आरडब्ल्यूएस आर-१०, पिस्तुलाचा, ०.४५ ग्रॅम, डोकं ४.४९. पहिले तीन डबे यातले. तक्रारीला जागाच नव्हती. चौथ्या डब्याच्या वेळी दुकानात ४.४९ नव्हतं, ४.५० घेतलं. मनात म्हटलं, मिलिमीटरचा शंभरावा भाग, त्याचं काय एवढं! खरंच काही झालं नाही. छर्रा बोटाने आत ढकलताना किंचित घट्ट लागला, बाकी ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पसारा, तोच. इथे मी जरा निर्धास्त झालो आणि पाचव्या डब्याला स्वस्त सरावाचे छर्रे उचलले. कंपनीचं नाव लिहीत नाही. डब्यावर डोक्याचं माप नव्हतंच.

त्या डब्याने महिनाभर माझं डोकं खाल्लं. नऊ शॉट चांगले, दहावा सातावर. मी ट्रिगरला दोष दिला, मनगटाला दिला, चष्म्यालाही दिला. रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी शांतपणे सांगितलं, "आधी पिस्तूल धर आणि बघ, मग स्वतःला शिव्या दे."

'धर' म्हणजे वाइसमध्ये, टेबलावरच्या पकडीत. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझ्या मामेभावाची छोटी टूलरूम आहे, पंच आणि डाय बनवणं हाच त्याचा धंदा. रविवारी बंद शेडमध्ये दहा मीटर मोजले, मागे जाड लाकूड आणि चिंध्या भरलेली पेटी ठेवली, वाइसच्या जबड्यात रबर लावून पिस्तुलाची फ्रेम धरली (नळी कधीही धरू नये) आणि प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉट मारले. ग्रुप बाहेरून बाहेर व्हर्नियरने मोजून त्यातून ४.५ वजा केले. आर-१० ४.४९: ३ मिमीच्या आत. ४.५०: तेवढंच. एच अँड एनचे फिनाले मॅच: अर्धा मिमी जास्त, म्हणजे माझ्यासाठी सारखंच. स्वस्त डबा: आठ छर्रे ५ मिमीत आणि दोन कुठेतरी बाहेर, सगळं मिळून ११ मिमी.

आता हिशेब करा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि छर्रा ४.५ चा. छर्र्याची कड वर्तुळाला टेकली तरी दहा. म्हणजे छर्र्याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा गुण. नेम नेमका मध्यावर असेल तर ११ मिमीचा फालतू ग्रुपसुद्धा दहातच बसतो! माझे सात आणि आठ त्या छर्र्यांचे नव्हते, बहुतेक माझेच होते. हे कळल्यावर शेडमध्ये आम्ही दोघं बराच वेळ हसलो. पण ते दोन फ्लायर, म्हणजे भरकटलेले शॉट, खोटे नव्हते. हात आधीच नऊच्या कडेवर असेल, तर छर्रा त्याला आठात ढकलतो. आणि त्याहून वाईट म्हणजे चूक कोणाची ते कळत नाही. सरावात तेच तर कळायला हवं.

मामेभावाने भिंगातून ते छर्रे पाहिले आणि मापं घेतली. डोकी ४.४८ पासून ४.५३ पर्यंत. "डाय खाल्लाय," तो म्हणाला. शिसं मऊ असलं तरी लाखो छर्र्यांनंतर डायचं भोक झिजतं, माल हळूहळू मोठा निघतो. मग डाय बदलतात, की माल पुन्हा लहान. दोन डायचा माल एका डब्यात पडला की झालं काम. डब्यावरच्या बॅच नंबराचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कागदावर माप तेच असतं, पण डाय दुसरा असू शकतो.

मग त्याला सुचली एक कल्पना, आणि मला ती तेव्हा फार आवडली. सिल्व्हर स्टीलच्या तुकड्याला ४.५० चं भोक, रीमर आणि लॅपिंग पेस्टने गुळगुळीत केलेलं, आणि एक पंच. प्रत्येक छर्रा त्यातून ढकलायचा, सगळे सारखे! दोन संध्याकाळी बसून दोनशे छर्रे ढकलले. खरोखर सुंदर दिसत होते, चकचकीत. वाइसवर मारले, तर ग्रुप उभा ताणलेला, आधीपेक्षा वाईट.

कारण नंतर लक्षात आलं. छर्र्याचा स्कर्ट डोक्यापेक्षा मुद्दाम रुंद ठेवलेला असतो. मागून हवेचा दाब आला की तो फुलून नळीला चिकटतो आणि हवा अडते. आम्ही डोक्याबरोबर स्कर्टही ४.५० वर आणला. हवा बाजूने निसटू लागली, दर शॉटला वेग वेगळा, म्हणून वर-खाली. फक्त डोक्याला माप देणारा पायरीचा डाय बनवता आला असता, पण तोवर दोघांचाही उत्साह संपला होता. तो तुकडा आता त्याच्या टेबलावर पेपरवेट आहे.

जुलैत जिल्हा स्पर्धेच्या चार दिवस आधी माझा डबा संपला. पाऊस असा की कुरिअर अडकलेलं. रेंजवरच्या एका मुलीने तिचे रायफलचे छर्रे देऊ केले, ०.५३ ग्रॅम, मॅच दर्जाचेच. डोकं ४.५०. बसले, उडाले, ग्रुपही घट्ट, पण खाली. हे अपेक्षितच आहे. ऊर्जा तेवढीच धरली तर ०.४५ ग्रॅमचा छर्रा १५५ मीटर प्रतिसेकंद जातो तिथे ०.५३ चा १४३ च्या आसपास, आणि दहा मीटरवर तो साडेतीन मिमी जास्त खाली येतो. साइटचे क्लिक बदलून काम भागलं. मी मात्र घाबरून दोन दिवस आधीच बदल केला आणि हात नव्या छर्र्याला जुळवून घेतला. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा असा छर्रा भरू नका, एवढंच सांगेन.

म्हणून पर्याय शोधताना माझा क्रम आता असा आहे: आधी वजन तेच, मग सपाट डोक्याचा मॅच छर्रा, मग डोक्याचं माप, आणि कंपनी सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, मीही केलं. ४.४९ ऐवजी ४.५० घेताना जीव टांगणीला लावू नका. माप न छापलेला डबा मात्र मॅचसाठी घेऊ नका, नवख्या मुलांच्या पहिल्या दोन महिन्यांना ठीक. आवडलेल्या बॅचचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि परवडलं तर त्याच बॅचचे दोन-तीन डबे एकदम उचला. मी सप्टेंबरला तेच केलं.

साठवणीबद्दल थोडं. एक अर्धा डबा मी झाकण नीट न लावता प्लायच्या कपाटात ठेवला होता. पावसाळ्याअखेर छर्र्यांवर पांढरी भुकटी. ओल आणि लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला अशीच खाते. ती भुकटी विषारी असते, फुंकर मारायची नाही. मी डबा तसाच पिशवीत बांधून रेंजवरच्या शिशाच्या पेटीत दिला. आता डबे प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवतो. आणि रेंजवरून आल्यावर आधी साबणाने हात, मग चहा. घरात लहान मूल आहे, त्यामुळे बायकोने हा नियम माझ्यापेक्षा आधी केला होता.

सध्याचा डबा तेरावा, ४.४९, जुन्याच बॅचचा. शनिवारी साठ शॉटला ५४१ आले. त्यातले दोन सात पूर्ण माझे, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकतो.