फुगवायची कयाक: चार महिने तळ्यावर वापरल्यानंतर

खोकं उघडलं तेव्हा घरात दोन पक्ष होते. "हे मोठ्ठं खेळणं आहे, महिन्याभरात फुटणार" म्हणणारी मी एकटी, आणि समोर बाकी सगळं घर. आता उन्हाळा संपत आला. कयाक फुटली, तीही माझ्याच हातून. ती हकिगत पुढे येतेच.

आधी वस्तू. वल्ह्यांनी चालवायची छोटी नाव, दोन माणसांची, पीव्हीसीची, सव्वातीन मीटर लांब. पंप, वल्ही, पिशवी धरून १६ किलो. डावी नळी, उजवी नळी आणि तळ असे हवेचे तीन स्वतंत्र कप्पे आहेत, त्यामुळे एकातली हवा गेली तरी बाकीचे दोन तरंगत ठेवतात. घरापासून काठ चालत पाच मिनिटांवर. तेवढं अंतर दोघांनी दोन बाजूंनी पिशवी धरून जाता येतं. एकट्याने नेली तर पट्टा खांद्यात रुततो.

फुगवायला हातपंपाने दहा-बारा मिनिटं लागतात. तक्रार म्हणून लिहायला घेतलं होतं, पण तेवढा वेळ आमच्याकडे सगळ्यांच्या आवडीचा झालाय. धाकटीचा जोर पुरत नाही, म्हणून ती दांड्यावर पोट टेकवून आडवी होते आणि पंपासकट खाली जाते. मोठा आकडे मोजतो, मध्येच मुद्दाम चुकवतो, मग भांडण. मध्यंतरी मी गाडीला लावायचा विजेचा पंप आणला. दोन दिवसांत तो परत कपाटात गेला, कारण तीन मिनिटांत नाव तयार झाली की भांडायला काही उरतच नाही.

पाण्यावर कशी चालते? सकाळी झकास. सात-साडेसातपर्यंत तळं काचेसारखं असतं, वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. ऊन चढलं की काठावरची जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिथली हवा वर जाते आणि तळ्यावरून काठाकडे वारा सुटतो. ही नाव हलकी, बाजू फुगीर, तळ सपाट, त्यामुळे वाऱ्याने ती पानासारखी फिरते. तळाला लावायचा फिन (नाव सरळ ठेवणारं उभं पातं) एकदा घरी विसरला होता. आम्ही दोघं नवरा-बायको अर्धा तास गोल फिरलो आणि काठावरून मुलांनी टाळ्या वाजवल्या. फिन लावलात तर सरळ जाते, पण लांबचा पल्ला मारायचा म्हणून घेणार असाल तर ही घेऊ नका. आमचा नव्वद टक्के वापर काठापासून ओरडून बोलता येईल एवढ्या अंतरात झालाय, आणि तिथे हिला तोड नाही.

धाकटीला तर ती नाव म्हणून नकोच असते. कमरेएवढ्या पाण्यात दोरीने बांधून ठेवायची आणि कडेवरून पाय सोडून बसायचं. तिनेच एकदा ओरडून सांगितलं, "आई, वरचं पाणी गरम आणि खालचं फ्रिजमधलं!" खरंच होतं. उन्हाने तापलेलं पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं. खालचं थंड आणि जड, दोन्ही सहजी मिसळत नाहीत. जिथे खोल आहे तिथे मी उडी मारली तेव्हा खांद्यापर्यंत कोमट आणि पोटऱ्यांना एकदम गारठा, श्वासच अडकला. तेव्हापासून मुलांना खोल जागी उडी बंद.

लाइफ जॅकेट नावेबरोबर येत नाही, वेगळं घ्या. लेबलवरचा आकडा वाचा. ५० न्यूटन (जॅकेट किती जोराने तरंगत ठेवतं त्याचं माप) लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी असतं, पाण्यात पालथ्या पडलेल्या माणसाला ते उताणं करेल असं धरू नका. मुलांसाठी आम्ही १०० न्यूटनची, मानेमागे कॉलर आणि दोन पायांमधून पट्टा असलेली घेतली. पट्टे लावून झाले की खांद्यांपाशी धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. धाकटीला हे ओढणं इतकं आवडतं की ती स्वतःच चारदा तपासून घेते.

आता माझा पराक्रम. एका सकाळी फेरी मारून आम्ही नाव काठावर ठेवली आणि घरी गेलो. दुपारी परतलो तर डाव्या नळीतून फुस्स. शिवणीपासून बोटभर अंतरावर बारीक भोक. मोठ्याने वहीत हिशेब मांडून माझी चूक मला समजावली. पंपाचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. काटा २ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणतो तेव्हा बाहेरच्या हवेचे जवळपास १५ धरून आतला खरा दाब जवळपास १७ असतो. सकाळचे २० अंश उन्हात ५० झाले की तो दहा टक्के वाढतो, म्हणजे काटा २ वरून पावणेचारच्या आसपास. कापड थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण नळीला तेवढंही पुरलं. काठावर ठेवताना सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. उलटही होतं: उन्हात टणक झालेली नाव गार पाण्यात टाकली की मऊ पडते, आणि लोकांना वाटतं गळतेय.

भोक शोधायला साबणाचं पाणी फासलं, बुडबुडे आले. सोबतचा पॅच लावून २४ तास हात लावला नाही. अजून टिकलाय.

खरा वैताग सुकवण्याचा. तळ आणि नळ्यांच्या मधल्या खाचेत पाणी आणि वाळू अडकते. फडका बोटाला गुंडाळून ती पुसावी लागते. एकदा ओलीच गुंडाळली, तर आठवड्याने पिशवी उघडताच कुबट वास आणि काळे ठिपके. पाचपैकी एक तारा मी याचाच कापते.

सासूबाई जूनभर "मी नाही बाई त्यात बसणार" म्हणत होत्या. जुलैत एकदा बसल्या, अर्ध्या तासाने "आता वळवा" म्हणण्याऐवजी दुसरं वल्हं मागितलं. त्या दिवशी मागच्या सीटचा पाठीचा पट्टा तुटला. नवा मागवायचा राहूनच गेला. तूर्त तिथे मोठ्याच्या बुटाची निळी नाडी आहे, आणि ती गाठ सोडायला धाकटी कुणाला देत नाही, कारण ती तिने बांधलीय.