कुमारजींच्या सहीचा कागद आणि माझे साडेचाळीस हजार

लिहू का नको असं दोन महिने चाललं होतं. घरातले म्हणतात कशाला आपलीच शोभा करून घेता. पण परवा परभणीच्या एका ओळखीच्या सरांचा फोन आला, त्यांनाही कुणीतरी "मराठवाड्यातल्या जुन्या मैफिलीची पत्रिका, सहीसकट" असं काहीतरी दाखवायलंय, तेव्हा म्हणलं आता गप बसणं बरं नाही. ज्यानं मला फसवलं त्या माणसाचं नाव टाकत नाही, मला सांगितलेलं नाव खरं होतं का हेच माहीत नाही, अन् परभणीत त्यानं दुसरंच सांगितलंय. पद्धत मात्र तीच, ती ऐका.

मी लातूरचा, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. नाद टपाल तिकिटांचा, तेही सगळ्या नाही, फक्त शास्त्रीय संगीताच्या, अन् जोडीला त्याच विषयाचे कागद, म्हणजे कार्यक्रमपत्रिका, जुन्या तबकड्यांची पाकिटं, कॅटलॉग, तिकीट निघतं तेव्हा पोस्ट खातं छापतं ते माहितीपत्रक. सुरुवात झाली नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डब्यातनं, त्यात भातखंड्यांचं १९६१ चं १५ नये पैशांचं तिकीट होतं. मग विष्णु दिगंबर पलुस्करांचं १९७३ चं मिळालं. मग बीथोवनचं, लोकांना पटत नाही पण आपल्या पोस्टानं १९७० ला त्याच्या दोनशेव्या जयंतीचं दीड रुपयाचं तिकीट काढलंय. अन् ३ सप्टेंबर २०१४ ला आठ कलावंतांचा संच निघाला तेव्हा मी त्यासाठी सुट्टी टाकली होती. रविशंकर, भीमसेन जोशी, गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, विलायत खाँ, अली अकबर, पट्टम्माळ आणि आमचे कुमार गंधर्व. आमचे म्हणायचं कारण नाना. नानांचा जीव कुमारांवर.

हा माणूस मला तिकिटांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. सोलापूरकडचा आहे, आजोबा तबलजी होते, वाडा विकायला काढलाय, माळ्यावर पेट्याच्या पेट्या कागद आहेत, असं सांगणं. बोलणं इतकं गोड, प्रत्येक वाक्याला सर. पहिल्यांदा त्यानं मला पलुस्करांच्या तिकिटाचा चारचा ब्लॉक दिला, म्हणजे चार तिकिटं न फाडता जोडलेली, मिंट म्हणजे न वापरलेला, डिंक शाबूत, कडेचा दात एकही तुटलेला नाही, अन् भाव बाजारापेक्षा कमी. मग बीथोवनचं फर्स्ट डे कव्हर दिलं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेलं खास पाकीट. दोन्ही वस्तू शंभर टक्के खऱ्या, आजही अल्बममध्ये आहेत. पॅकिंग तर असं की दोन पुठ्ठे, मधी बटर पेपर, वरून प्लास्टिक. मी बायकोला दाखवलं, बघ म्हणलं माणूस किती व्यवस्थित.

आता गंमत ऐका. तिसऱ्या वेळी त्यानं मला २०१४ च्या संचातलं भीमसेनजींचं फर्स्ट डे कव्हर पाठवलं फोटोत, त्यावर सही, बारा हजार सांगितले. मी लगेच फोन केला, म्हणलं अहो पंडितजी जानेवारी २०११ ला गेले, २०१४ च्या कव्हरवर सही करायला कुठनं आले? अन् एकटे तेच नाहीत, त्या संचातले आठच्या आठ जण तिकीट निघायच्या आधीच गेलेले. फोनवर दोन मिनिटं शांतता, मग म्हणाला, "सर, तुम्ही वाचवलं मला, मीच हे दुसऱ्याकडनं चार हजाराला घेतलंय, आता त्याला बघतो. सर तुमच्यासारखं बारीक बघणारं माणूस नाही राहिलं." मी फुगलो ना. दिवसभर हवेतच होतो. आज वाटतं ते कव्हर त्यानं मुद्दाम पुढं सारलं होतं, मी पकडणार हे त्याला माहीत होतं. एकदा पकडलं की माणूस स्वतःवर खूश होतो अन् पुढं बघायचं सोडतो.

त्याच्यानंतर आमचे रोज फोन. मी गड्याला सगळं सांगितलं हो. नाना औशाला राहायचे, तरुणपणी कुमारांचं गाणं ऐकायला सायकल मारत लातूरला आले होते, रात्री गाणं ऐकून पहाटे परत, ही गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा झालेली. साल कधी सांगायचे नाहीत, साठच्या पुढं कधीतरी म्हणायचे. नाना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्याला हेही सांगितलं की त्या मैफिलीचा एखादा कागद मिळाला तर मी काय वाट्टेल ते देईन. हे वाक्य माझ्याच तोंडचं, तारीख वार सगळं चॅटमध्ये आहे.

सात आठ आठवड्यांनी रात्री दहाला त्याचा फोन, आवाज कापायला, "सर, बसून घ्या आधी." माळ्यावर पेटी निघाली म्हणे, आजोबांची, त्यात लातूरच्या मैफिलीची पत्रिका, १९६४ ची, खाली कुमारजींची सही, अन् सोबत देवासहून, म्हणजे कुमार राहायचे त्या गावाहून, आजोबांना आलेलं पोस्टकार्ड, त्यावरही सही. फोटो आला. पिवळा कागद, तंबोऱ्याचं चित्र, लातूर हे नाव, कुमार गंधर्व हे नाव. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. माप मीच दिलं होतं अन् त्यानं बरोब्बर त्याच मापाचं शिवलं होतं, पण तेव्हा हे कळायला डोकं जाग्यावर पाहिजे ना.

पस्तीस हजार म्हणाला, साडेसव्वीसला तुटलं. म्हणाला मुंबईचा एक पार्टी चाळीस द्यायला तयार आहे पण सर हे लातूरलाच राहिलं पाहिजे. दहा ॲडव्हान्स दिले, बाकीचे पाकीट टाकल्याच्या पावतीवर, सगळं यूपीआयनं. पाकीट चौथ्या दिवशी आलं. मी हात धुवून उघडलं, नानांच्या फोटोपुढं ठेवलं, उदबत्ती लावली. भिंग काढलं नाही. पोरगा पुण्याहून म्हणत होता बाबा जरा चेक करा, त्यालाच मी झापला.

लगेच पुढच्या आठवड्यात बेगम अख्तर. १९९४ चं त्यांचं तिकीट सहजासहजी हाती लागत नाही, माझ्याकडं युज्ड सुद्धा नव्हतं, अन् हा म्हणाला मिंट ब्लॉक आहे, चौदा हजार, आजच्या आज द्यायचे कारण हॉस्पिटलचं बिल आहे. दिले. पाकीट आलंच नाही. आधी पोस्टात संप म्हणाला, मग आई गेली म्हणाला, मी त्याला सांत्वनाचा मेसेज केला बघा, मग एक दिवस डीपी गायब अन् फोन लागंना. ग्रुपमधूनही निघून गेलेला.

तेव्हा कुठं मी ती पत्रिका परत बाहेर काढली. ह्या वेळी भिंग घेऊन बसलो, दुपारची वेळ, गच्चीच्या दारात. पहिली गोष्ट जी दिसली ती बघून मला माझीच लाज वाटली. पत्रिकेच्या खालच्या ओळीत छापलंय, "लातूर, जि. लातूर". साल १९६४. अहो लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला! तोपर्यंत आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात, माझ्या स्वतःच्या दहावीच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद आहे. पुण्यामुंबईच्या माणसाला हे कळलं नसतं तर एकवेळ ठीक, मी इथं जन्मलेला, इथंच नोकरी केलेला, अन् तो कागद तीन आठवडे देव्हाऱ्याशेजारी ठेवून रोज बघत होतो.

मग पोस्टकार्ड. शिक्का पुसट होता, फोटोत तर दिसतच नव्हता, मी विचारलं तेव्हा म्हणाला होता जुना शिक्का असाच असतो सर. उजेडाला तिरपं धरून भिंगातून बघितलं तर देवास, खाली तारीख १९६३ ची अन् त्याखाली सहा आकडे, ४५५००१. पिनकोड आपल्याकडं आला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे नऊ वर्षं आधीच शिक्क्यावर पिनकोड उमटला. कुणीतरी आत्ताच्या शिक्क्यावरनं रबरी शिक्का करून घेतला अन् साल तेवढं बदललं, दुसरं काय.

दोन्ही सह्या एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. केसाचाही फरक नाही. शेवटची शेपटी सुद्धा त्याच जागी तुटलेली. तुम्ही आत्ता कागदावर पाच वेळा सही करून बघा, दोन सारख्या येणार नाहीत, बँकेत जाऊन जाऊन मला तर हे पाठ आहे. भिंगाखाली त्या सहीत शाई नव्हतीच, बारीक बारीक ठिपके होते, निळे, गुलाबी, पिवळे, प्रिंटरचे. खऱ्या पेनची रेघ कागदात दबते, मागनं बोट फिरवलं की लागते, इथं मागची बाजू गुळगुळीत. अन् छपाईचंही तेच. त्या काळी आमच्याकडच्या प्रेसमध्ये खिळे जुळवून छापायचे, अक्षर कागदात रुतायचं. नानांच्या डब्यात त्याच सुमाराची एक लग्नपत्रिका आहे ती आंधळ्यानं सुद्धा बोटानं वाचावी अशी, अन् ही एकदम सपाट.

पिवळेपणा चहाचा असावा. जुना कागद कडेनं आधी तपकिरी होतो, घडीवर तडकतो, हा सगळीकडं सारखा पिवळा अन् एका कोपऱ्यात पाणी वाळल्यावर राहते तशी रेघ. पोरानं तीनशे रुपयांचा यूव्ही टॉर्च मागवून दिला, नाराजीतच, पण दिला. अंधारात त्या पत्रिकेवर मारला तर निळीपांढरी लख्ख, धुतलेल्या शर्टावर मारल्यासारखी, अन् शेजारी ठेवलेली लग्नपत्रिका मळकटच राहिली. कागद पांढरा दिसायला घालतात त्या रसायनानं असं चमकतं. ते रसायन साठच्या आधीपासून आहे, म्हणून नुसत्या चमकण्यावर कागद खोटा ठरवू नका, पण बाकीच्या गोष्टींच्या जोडीला ठेवा.

हे सगळं घेण्याआधी करता आलं असतं का? बरंचसं आलं असतं. मी आता मागून घेतो ते सांगतो, वस्तूचा मागच्या बाजूचा फोटो, तिरप्या उजेडातला फोटो, अन् शेजारी आजच्या तारखेची हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवून व्हिडिओ कॉल. ज्याच्याकडं वस्तू खरंच आहे त्याला ह्यात पाच मिनिटं जातात. जो चिडतो त्याला नमस्कार करायचा. सहीचा फोटो मोबाइलवर इमेज सर्चला टाकला तर, मी नंतर टाकला, हुबेहूब तीच सही दुसऱ्या पानावर सापडली. नवीन निघणारी तिकिटं तर बाहेरच्या कुणाकडून घेऊच नका, हेड पोस्टात डिपॉझिट अकाउंट उघडलं की छापील किमतीला घरी येतात.

तक्रारीचं विचारतात सगळे. पैसे गेले की लगेच, म्हणजे तासा दोन तासात, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावायचा, समोरच्याच्या खात्यात पैसे असले तर अडवता येतात. मी एकोणिसाव्या दिवशी लावला. खातं केव्हाच रिकामं झालेलं. बेगम अख्तरच्या चौदा हजाराची तक्रार घेतली, नंबर मिळालाय. पत्रिकेचं अवघड आहे, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला, असं म्हणतात, अन् "अस्सल" हा शब्द त्यानं चॅटमध्ये एकदाही लिहिला नाही, तो नेहमी फोनवरच म्हणायचा. म्हणून महत्त्वाचं बोलणं लेखी घ्या, फोनवर झालं तर नंतर स्वतः मेसेज टाका की आपलं असं असं ठरलं.

बायको एकच बोलली. म्हणाली मी कोथिंबिरीची जुडी सुद्धा उलटी करून बघते.

गेल्या रविवारी आत्याकडं गेलो होतो. इथंच लातूरला असते, नव्वदीला टेकलीय, कान चांगले आहेत अजून. तिला पत्रिका दाखवली, म्हणलं आत्या, नाना गाणं ऐकायला आले होते ना औशाहून सायकलवर, तुला आठवतंय का कुठं झालतं ते, गंजगोलाईकडं का कुठं? ती म्हणाली, "आरं कुटलं गंजगोलाई. आमच्याच घरी की. तुज्या मामानं रेडू घेतलता तवा, गल्लीत एकच. शनिवारी रातच्याला मोठं गाणं लागायचं त्यावर, दादा यायचा सायकल हाणत, भाकरी खाऊन कानाला रेडू लावून बसायचा. त्या दिवशी कुमारचं होतं." शनिवारचा म्हणजे आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५२ ला सुरू झालेला. मी म्हणलं मग त्या रेडिओचं लायसन असेल, पोस्टातनं काढायला लागायचं तेव्हा, दरवर्षी तिकीट लावून शिक्का मारून द्यायचे, ते पुस्तक कुठंय? "व्हतं की. भूकंपानंतर वाडा उतरवला तवा रद्दीत घातलं सगळं."

मग तिनं चष्मा लावून पत्रिका उलटी सुलटी करून बघितली, अन् मला विचारलं, "काहून रं, रेडूच्या गाण्याची कुनी पत्रिका छापतंय व्हय?"