वडिलोपार्जित घड्याळ: हातात घालायचं की कपाटात ठेवायचं?

आजोबा किंवा वडील गेल्यावर घर आवरताना कपाटातून घड्याळ निघतंच. आपल्याकडे बहुतेक घरांत ते एचएमटीचं असतं: जनता, पायलट, कोहिनूर, सोना. जुन्या मालगुजारांच्या किंवा हेडमास्तरांच्या घरी एखादं फेवर-ल्यूबा किंवा वेस्ट एंड सापडतं, कुठे सिको फाइव्ह. मग भावंडांत चर्चा सुरू होते. एक म्हणतो, आठवण आहे, जपून ठेवू. दुसरा म्हणतो, दुरुस्त करून घालतो. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे, पण वावरात जाताना ते घालू नये, ही अट सोडून नाही.

कपाटात ठेवलं म्हणजे सुरक्षित राहिलं, असं आपण धरून चालतो. पण आतलं तेल घड्याळ बंद असतानाही सुकतं आणि चिकट होतं. अशा घड्याळाला ‘चालू राहावं’ म्हणून आठवड्याला चावी दिली, तर कोरड्या चाकांचे बारीक दांडे झिजतात. म्हणजे सर्व्हिसिंग करायचं नसेल तर चावीला हातच लावू नका. ओल न लागणाऱ्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कूलरच्या समोरच्या फळीवर तर मुळीच नको, तिथली हवा उन्हाळाभर दमट असते.

घालायचं असेल तर आधी पूर्ण सर्व्हिसिंग हवं, आणि पुढे चार-पाच वर्षांनी पुन्हा. विदर्भात त्याचे दोन मोठे शत्रू आहेत, घाम आणि धूळ. बऱ्याच जुन्या घड्याळांची बॉडी पितळेवर मुलामा दिलेली असते. पारा पंचेचाळिशीला टेकला की मनगटाखाली घाम साचतो आणि पट्टा अडकतो त्या कानांपाशी मुलामा आधी उडतो, खालचं पितळ हिरवट पडतं. संध्याकाळी कोरड्या फडक्याने मागचं झाकण आणि कान पुसले तरी पुष्कळ फरक पडतो. फवारणीला, सोयाबीनच्या मळणीला, कपाशी वेचायला जाताना घड्याळ घरी राहू द्या. ती बारीक धूळ जुन्या झाकणाच्या फटीतून आत शिरते. लग्नकार्य, बाजार, तहसीलचं काम, हिवाळ्याचे दिवस, एवढं त्याला पुरेसं आहे.

आता दुरुस्ती कुठे? तालुक्याच्या घड्याळजींकडे की नागपूरला? चावीचं एचएमटी असेल तर मी तालुक्यालाच देईन. ही घड्याळं 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत बनू लागली. 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. नवे पार्ट कारखान्यातून येत नाहीत, ते जुन्या बंद घड्याळांतूनच काढावे लागतात आणि अशा पार्टांनी भरलेले डबे या जुन्या कारागिरांकडेच असतात. फक्त एक विचारा: मशीन पूर्ण खोलून धुणार, की नुसतं पेट्रोल मारून तेल सोडणार? दुसरं उत्तर आलं तर घड्याळ उचला. स्विस किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) असेल तर नागपूरची खेप परवडते. ऑटोमॅटिकमध्ये पार्ट जास्त, चुकीला जागाही जास्त.

घड्याळ परत आलं की कानाला लावा. बऱ्याच जुन्या चावीच्या मशीनचे सेकंदाला पाच ठोके पडतात, ते एकसारखे ऐकू यायला हवेत. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागेपुढे झालं तर चालतं. अचानक तासाला काही मिनिटं पुढे पळू लागलं, तर बहुधा स्पीकरच्या किंवा मोबाइलच्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाचा वेग सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटलेत. घड्याळजी ते चुंबकत्व लगेच उतरवून देतात.

खरा पेच डायलचा आहे. ‘नवीनसारखं करून देतो’ म्हणत डायल रंगवून देणारे भेटतात. रंगवलेली डायल चकचकीत दिसते, पण अक्षरं जाड येतात, कंपनीचं नाव वाकडं पडतं आणि जाणकार गिऱ्हाईक भाव पाडतो. डाग पडलेली मूळ डायल जशी आहे तशी ठेवणंच मला योग्य वाटतं. तो पिवळेपणा आपल्याच माणसाच्या मनगटावर आला आहे, तो पुसून आपण काय मिळवणार? ओरखडलेली प्लॅस्टिकची काच मात्र बेलाशक पॉलिश करून घ्या किंवा बदला.

एक सावधगिरी. डायलवर अंधारात चमकणारे जुने ठिपके असतील आणि घड्याळ 1970 च्या आधीचं असेल, तर ते रेडियम असू शकतं. चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग जात नाही. ते घरी उघडू नका, खरवडू नका, आणि घड्याळजींनाही आधीच सांगा.

सेलचं घड्याळ असेल तर निर्णय सोपा आहे: घालणार नसाल तर सेल आजच काढा, गळला की सर्किट खातो. आणि कुठलंही घड्याळ दुरुस्तीला देताना घड्याळजींकडूनच झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो काढून घ्या, बदललेले पार्ट पुडीत परत मागा.