ब्लीडिंगचं बिल, काम मात्र स्क्रू फिरवण्याचं

ई-सायकलचा हायड्रॉलिक ब्रेक सैल झाला, लिव्हर मुठीला टेकायला लागला की सायकल दुरुस्तीला जाते. ‘तेल गेलंय, पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक ब्लीड करावे लागतील’ असं मेकॅनिक सांगतो. ब्लीडिंग म्हणजे ब्रेकच्या नळीतून नवं तेल फिरवून आत शिरलेली हवा काढणं; या हवेमुळेच लिव्हर मऊ पडतो. तासाभरात लिव्हर टणक होऊन मिळतो, पैसे दिले जातात. थोड्याच दिवसांत एखाद्या उतारावर तो पुन्हा मुठीपर्यंत येतो.

अशा सायकलीत बरेचदा ब्लीडिंग झालेलंच नसतं. लिव्हरजवळ अ‍ॅलन कीने फिरणारा एक छोटा स्क्रू असतो. तो लिव्हर मुठीपासून किती लांब राहावा एवढंच ठरवतो. तो फिरवला की लिव्हर पुढे सरकतो आणि दाबायला जास्त जागा मिळते. नळीतली हवा होती तिथेच राहते.

दुसरी युक्ती जास्त त्रासदायक. चाकावरच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दाबणारे पॅड झिजतात तसे त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला लिव्हरजवळच्या छोट्या टाकीतलं तेल खाली उतरतं. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, ब्रेकची रचनाच तशी आहे. पण पॅड न बदलता वरून टाकी तुडुंब भरली, तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलायला जागा उरत नाही. तेल गळतं किंवा पॅड डिस्कला घासत राहतात. घासणारा ब्रेक बॅटरी खातो, आणि मग ‘बॅटरी उतरली’ म्हणून तीही विकायला हेच मेकॅनिक तयार!

खऱ्या ब्लीडिंगमध्ये चाक आणि पॅड काढतात, पिस्टनांमध्ये ब्लॉक अडकवतात आणि सिरिंजने तेल पूर्ण नळीतून फिरवतात. म्हणून सायकल देण्याआधी लिव्हरचा ब्लीड स्क्रू (तेलाच्या टाकीच्या तोंडावरचा) आणि कॅलिपरचा, म्हणजे चाकाजवळच्या पॅड-पिस्टन असलेल्या भागाचा, निपल (तेल आत-बाहेर करायचं तोंड), दोन्हींवर मार्करने अशी रेघ मारा की अर्धी स्क्रूवर आणि अर्धी बाजूच्या धातूवर येईल. दोन्ही रेघा तशाच जुळलेल्या परत आल्या तर तिथे बहुधा हात लागलेला नाही. निघालेलं जुनं तेलही दाखवायला सांगा.

सगळ्यात महागात पडतं ते चुकीचं तेल. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा या कंपन्यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. हेज, होप आणि स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट हे वेगळ्या प्रकारचं ब्रेक ऑइल. मोटारसायकलसाठी जे ब्रेक ऑइल सर्रास मिळतं, ते डॉट. ते मिनरलच्या ब्रेकमध्ये गेलं की सील फुगतात आणि लिव्हर दाबल्यावर परत येत नाही. मग नुसतं तेल बदलून भागत नाही. कोणतं तेल हवं ते बहुधा लिव्हरवरच छापलेलं असतं, ते मेकॅनिकला दाखवूनच सायकल द्या.

मुळात ब्लीडिंगची गरज आहे का, हे घरी कळतं. लिव्हर भराभर दाबल्यावर टणक होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडतो? मग हवा आहे. लिव्हर टणक, पण सायकल थांबत नाही? मग पॅडला तेल-ग्रीस लागलंय किंवा ते झिजलेत. ब्लीडिंग करून उपयोग नाही. शिमानोमध्ये पॅडचा घासणारा थर 0.5 मिमीवर आला की पॅड बदलायचे. त्यांची नवी डिस्क 1.8 मिमी जाड असते, 1.5 मिमीला ती बाद. नुसता घासण्याचा आवाज येत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आलटून-पालटून आवळा, शिमानोसाठी 6 ते 8 न्यूटन-मीटर. चाक काढलेलं असताना मात्र लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात.

‘लिव्हरच बदलला’ असं सांगितलं तर त्याची वायर बघा. बऱ्याच ई-सायकलींत लिव्हर दाबताच मोटर बंद करणारा सेन्सर असतो. स्वस्तातला साधा लिव्हर बसवला की ती सोय जाते. सायकल थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरची) असेल तर मोटरचं चाक उचलून थ्रॉटल किंचित द्या आणि लिव्हर हलकेच ओढा. पॅड डिस्कला टेकण्याआधीच मोटर बंद पडायला हवी.